सागरप्रवाहांची साक्ष

आदिलाबाद जिल्ह्याची उत्तर सीमा पैनगंगा नदीने आखून दिली आहे. नदीच्या दक्षिणेस तेलंगण, उत्तरेस यवतमाळ जिल्हा, आणि दोन्ही तीरांवर मराठी बोलणारी गावे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवट व राजुरा हे तालुके या जिल्ह्यातून निघून तत्कालीन मुंबई राज्यात गेले. पुढे २०१६ साली उरलेल्या जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले. माणसांनी सीमा अशा पुनःपुन्हा बदलल्या. नदीने आपली वाट बदलली नाही. पैनगंगेत पडलेले सागाचे पान वर्धेत जाते, वर्धेतून प्राणहितेत, प्राणहितेतून काळेश्वरापाशी गोदावरीत, आणि वाटेतील बंधाऱ्यांतून निसटलेच तर राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागरास मिळते. या प्रवासाचे भाकीत करण्यास शास्त्रज्ञ लागत नाही. भूगोलाचे पाठ्यपुस्तक वाचलेला शाळकरी मुलगाही ते करील. कारण नदीला दोन तीर असतात, एक उतार असतो आणि एकच दिशा असते.

परंतु तेच पान समुद्रात शिरल्यावर कोठे जाईल? तेथे तीर नाहीत, डोळ्यांस दिसणारा उतार नाही, आणि दिशा तर ऋतूप्रमाणे पालटते. नदीकाठी सोपा असलेला प्रश्न समुद्रात अत्यंत बिकट होतो. आणि जेव्हा पाण्यावर तरंगणारी वस्तू सागाचे पान नसून कोसळलेल्या विमानाच्या पंखाचा तुकडा असते, तेव्हा त्या प्रश्नाला दुसरी एक बाजू येते. विमानाचा जड सांगाडा तळाशी जातो. हलके भाग लाटांवर राहतात, आणि कित्येक दिवसांनी, कधी कित्येक महिन्यांनी, अपघाताच्या जागेपासून दूर कोठेतरी सापडतात. त्या तुकड्यावरून मागे जाऊन विमान कोठे पडले हे सांगता येईल काय? हे विचारणाऱ्यांत केवळ जिज्ञासू विद्वान नसतात. ज्यांची माणसे परतली नाहीत अशी कुटुंबेही असतात. या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास सुमारे दोन शतकांचा आहे, आणि त्यात भारताचाही वाटा आहे.

सागरप्रवाहांच्या शास्त्राचा आरंभ ज्यांच्या नावाने सांगितला जातो त्या जेम्स रेनेल यांची कीर्ती प्रथम भारतात झाली. १७६७ साली ते बंगालचे सर्व्हेअर जनरल झाले. गंगा व ब्रह्मपुत्रा या नद्यांची मोजणी त्यांनी केली, आणि हिंदुस्थानचा त्यांचा नकाशा १७८२ साली प्रसिद्ध झाला. नद्यांचे प्रवाह मोजणारा हा मनुष्य इंग्लंडला परतल्यावर समुद्राच्या प्रवाहांकडे वळला. गलबतांच्या रोजनिशांतून त्यांनी नोंदी गोळा केल्या. गलबत होकायंत्राप्रमाणे जेथे असावयास हवे होते आणि प्रत्यक्षात जेथे आढळले, या दोन ठिकाणांतील अंतर म्हणजेच प्रवाहाचे काम, हा त्यामागचा साधा विचार होता. अटलांटिक महासागराच्या प्रवाहांवरील त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १८३२ साली, प्रकाशित झाला. पुढे अमेरिकन नौदलातील मॅथ्यू मॉरी यांनी हीच रीत मोठ्या प्रमाणावर चालविली आणि १८४७ पासून वाऱ्यांचे व प्रवाहांचे नकाशे काढले. खलाशांनी कंटाळत कंटाळत लिहिलेल्या रोजच्या ओळींतून एक शास्त्र उभे राहिले.

तथापि, भग्नावशेषांवरून प्रवाहाचा शोध लागल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण उत्तर ध्रुवाजवळचे आहे. ‘जीनेट’ नावाचे अमेरिकन जहाज १८७९ साली बेरिंगच्या सामुद्रधुनीच्या उत्तरेस बर्फात अडकले आणि जून १८८१ मध्ये सायबेरियाच्या उत्तरेस बर्फाच्या दाबाने चिरडून बुडाले. तीन वर्षांनी, १८८४ साली, ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर बर्फाच्या तुकड्यावर काही वस्तू आढळल्या. त्यांत कप्तानाच्या सहीची शिधासामग्रीची यादी होती आणि एका खलाशाच्या नावाची विजार होती. सायबेरियाजवळ बुडालेल्या जहाजाची विजार ग्रीनलंडला पोहोचली कशी? नॉर्वेतील प्राध्यापक हेन्रिक मोन यांनी अनुमान मांडले की, ध्रुवाच्या परिसरातून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह असलाच पाहिजे. तरुण फ्रित्यॉफ नान्सेन यांनी ते वाचले आणि या अनुमानावर आपला जीव पणाला लावण्याचे ठरविले. बर्फाचा दाब सोसेल असे ‘फ्राम’ नावाचे जहाज बांधवून त्यांनी १८९३ साली ते मुद्दाम बर्फात अडकवून घेतले. १८९६ साली ‘फ्राम’ स्पिट्सबर्गेनच्या उत्तरेस मोकळ्या पाण्यात सुखरूप बाहेर आले. बुडालेल्या जहाजाच्या चिंध्यांनी दिलेली साक्ष खरी ठरली.

त्याच सफरीत नान्सेन यांना आणखी एक गोष्ट दिसली. बर्फ वाऱ्याच्या नेमक्या दिशेने वाहत नसे. ते वाऱ्याच्या उजवीकडे वीस ते चाळीस अंशांनी कलून जाई. स्वीडनचे वाग्न एकमन यांनी याचे गणित केले आणि १९०५ साली ते सविस्तर प्रसिद्ध केले. पृथ्वीच्या परिवलनामुळे वाऱ्याने ढकललेले पाणी उत्तर गोलार्धात उजवीकडे, तर दक्षिण गोलार्धात डावीकडे वळते. ही डावी बाजू ध्यानात ठेवावी. एका शतकानंतर हिंदी महासागरात तिची गाठ पडणार आहे.

हिंदी महासागराची गोष्ट इतर महासागरांहून वेगळी आहे. उत्तरेस आशिया खंडाची भिंत असल्यामुळे येथे वारे सहा महिन्यांनी उलटतात, आणि वाऱ्यांबरोबर प्रवाहही उलटतात. कोकणातील तांडेलांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. नारळीपौर्णिमेपूर्वी समुद्रात होडी न घालण्याचा संकेत या अनुभवातूनच रूढ झाला. शास्त्रीय पद्धतीने हे प्रवाह मोजण्याचे मोठे काम १९६० च्या सुमारास आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने हाती घेतले, आणि तिच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यात दोना पावला येथे असलेल्या या संस्थेत सतीश शेट्ये व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारताच्या किनारी प्रवाहांचा पद्धतशीर अभ्यास केला. पश्चिम किनाऱ्याजवळचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो, हिवाळ्यात उत्तरेकडे. म्हणजे रत्नागिरीसमोर समुद्रात पडलेली एकच वस्तू जुलैत गोव्याकडे, तर डिसेंबरात मुंबईकडे जाण्याचा संभव अधिक. समुद्रात तारखेवाचून दिशा सांगता येत नाही ती यामुळे.

समुद्राने वाहून आणलेल्या साक्षीची एक आठवण मुंबईच्या जुन्या पिढीच्या मनात खोल रुतली होती. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. रेवसहून मासळी घेऊन येणाऱ्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत घेतले म्हणून काहीजण वाचले. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. शहराला बातमी कळली ती दुपार उलटल्यावर, तरंगत तरंगत गेटवे ऑफ इंडियाजवळ येऊन लागलेल्या एका कोवळ्या मुलाच्या तोंडून. पाण्याने जे किनाऱ्यावर आणले तेच त्या दिवशी पहिले वृत्त ठरले. पुढील काळात विमानांच्या बाबतीत पुनःपुन्हा हेच घडले: यंत्रे मुकी झाली, आणि बोलू लागले ते वाहत आलेले तुकडे.

ते तुकडे काय बोलतात हे समजण्यासाठी तरंगत्या वस्तूवर कोणकोणती बले काम करतात ते पाहिले पाहिजे. पहिले बल प्रवाहाचे; ते वस्तूच्या पाण्यातील भागाला नेते. दुसरे वाऱ्याचे, ते पाण्याबाहेरच्या भागाला शिडासारखे ढकलते. तिसरे लाटांचे, लाट वस्तूला केवळ वरखाली करीत नाही, प्रत्येक हेलकाव्याबरोबर किंचित पुढेही सरकवते. म्हणून एकाच जागी, एकाच क्षणी टाकलेला रिकामा डबा आणि पाण्याने जड झालेला ओंडका हे महिन्यानंतर शेजारी सापडत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात उतरलेल्या वैमानिकांचे रबरी तराफे शोधताना या भेदाचे महत्त्व पटले, आणि कोणत्या वस्तूला वारा किती ढकलतो याचे प्रयोग सुरू झाले.

प्रवाहांचे ज्ञानही पालटले. १९९२ साली सोडलेल्या टोपेक्स-पोसायडन या उपग्रहाने समुद्राच्या पृष्ठभागाची उंची काही सेंटिमीटरांपर्यंत अचूक मोजण्यास आरंभ केला. समुद्राचा पृष्ठभाग सपाट नाही. त्यावर विस्तीर्ण, अतिशय मंद असे उंचवटे व खळगे आहेत, आणि त्यांच्या कडेकडेने प्रवाह फिरतात. त्याखेरीज जगाच्या समुद्रांत हजाराहून अधिक तरंगक सोडलेले असतात. प्रत्येकाखाली सुमारे १५ मीटर खोलीवर कापडी नळी लोंबत असते, आणि आपले ठिकाण ते उपग्रहामार्फत कळवीत राहतात. रेनेल यांना गलबतांच्या रोजनिशांतून जे महिनोन्‌महिने वेचावे लागले, ते आता दररोज हाती येते.

या माहितीवर गणित पुढीलप्रमाणे मांडतात. संगणकातील समुद्रावर संशयित ठिकाणी सहस्रावधी काल्पनिक कण सोडावयाचे, प्रत्येकाला त्या त्या दिवसाचा प्रवाह, वारा व लाटा लावावयाच्या, आणि ते कोठे पोहोचतात ते पाहावयाचे. अथवा सापडलेल्या तुकड्यापासून दिवस उलटे मोजीत मागे जावयाचे. परंतु दोन पाने शेजारी शेजारी टाकली तरी भोवऱ्यात सापडून ती एकमेकांपासून दूर जातात. त्यामुळे उत्तर एका बिंदूच्या रूपाने येत नाही. ते कणांच्या ढगाच्या रूपाने येते. पाच दिवसांत हा ढग लहान असतो, पाच महिन्यांत तो देशाएवढा होतो. गणित करणाऱ्याचा प्रामाणिकपणा येथे कसाला लागतो: ढगाची रुंदी त्याने लपवता कामा नये.

ती रुंदी विसरल्यास काय होते हे ३१ मे २००९ रोजी रिओ दि जानिरोहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या विमानाने दाखविले. १ जून रोजी २२८ माणसांसह ते अटलांटिकमध्ये कोसळले. पाच दिवसांनंतर, ६ जूनपासून, तरंगते अवशेष व मृतदेह आढळू लागले. फक्त पाच दिवस मागे जावयाचे होते. तथापि विषुववृत्ताजवळच्या त्या भागातील प्रवाह गुंतागुंतीचे, नोंदी विरळ. तज्ज्ञांच्या मंडळाने उलट गणितावरून जो भाग सुचविला, त्या अनुरोधाने २०१० च्या वसंतात समुद्रतळ शोधला गेला. तेथे काही सापडले नाही. त्यानंतर दुसऱ्या एका गटाने सर्व पुराव्यांना, फसलेल्या शोधांनाही, त्यांच्या विश्वासार्हतेप्रमाणे वजन देऊन संभाव्यतेचा नकाशा नव्याने काढला. एप्रिल २०११ मध्ये विमान सुमारे ३,९०० मीटर खोलीवर सापडले. शेवटच्या ज्ञात ठिकाणापासून ते अवघे साडेसहा सागरी मैल दूर होते. प्रवाहांची साक्ष खोटी नव्हती. एकाच साक्षीदारावर अधिक भार टाकला गेला होता.

यानंतर तीनच वर्षांनी या शास्त्रापुढे त्याच्या इतिहासातील सर्वांत कठीण प्रश्न आला, आणि तो हिंदी महासागरात आला. ८ मार्च २०१४ रोजी मध्यरात्रीनंतर क्वालालंपूरहून बीजिंगकडे निघालेले मलेशिया एअरलाइन्सचे ३७० क्रमांकाचे बोइंग ७७७ विमान मार्ग सोडून नाहीसे झाले. विमानात २३९ माणसे होती. त्यांत पाच भारतीय होते, आणि त्या पाचांत महाराष्ट्रातील मराठी माणसेही होती. उपग्रहाशी दर तासाच्या सुमारास आपोआप होणाऱ्या संकेतांच्या देवाणघेवाणीवरून एवढे कळले की, विमान कित्येक तास उडत राहून दक्षिण हिंदी महासागरात एका लांबच लांब कमानीच्या आसपास पडले असावे. कमान हजारो किलोमीटरांची. तिच्यावरील नेमका बिंदू सांगणारे काहीच नव्हते. विमाने व जहाजे यांनी आठवडेच्या आठवडे पृष्ठभाग धुंडाळला. एकही तुकडा मिळाला नाही.

पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठातील समुद्रवैज्ञानिक चरिता पट्टियारच्ची यांनी २०१४ मध्येच प्रवाहांच्या आधारे सांगितले होते की, अवशेष पश्चिमेकडे वाहत जाऊन वर्ष-दीड वर्षात महासागराच्या त्या टोकास लागू शकतील. २९ जुलै २०१५ रोजी रियुनियन बेटावर सांतांद्रे येथे किनारा साफ करणाऱ्या कामगारांना विमानाच्या पंखाचा एक भाग मिळाला. तो ३७० क्रमांकाच्या विमानाच्या उजव्या पंखाचा मागच्या कडेचा हलता भाग ठरला. अपघातापासून ५०८ दिवस झाले होते. ज्या भागातून तो आला असावा असे पुढे अनुमान निघाले, तेथून रियुनियन सुमारे चार हजार किलोमीटरांवर आहे. म्हणजे सरळ रेषेने मोजले तरी तो दररोज सरासरी आठ किलोमीटरांच्या आसपास सरकत आला. पैनगंगेकाठी बैलगाडीदेखील याहून वेगाने जाते. पण प्रवाह रात्री थांबत नाही.

पुढील वर्षभरात मोझांबिक, दक्षिण आफ्रिका, मादागास्कर, मॉरिशस व टांझानिया येथे आणखी तुकडे मिळाले. काही निश्चितपणे त्याच विमानाचे ठरले, काही बहुधा त्याचेच. ऑस्ट्रेलियाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन संस्थेत डेव्हिड ग्रिफिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवाहांचे गणित नव्याने मांडले. यात त्यांनी दोन प्रकारची साक्ष घेतली. एक जे सापडले त्याची: रियुनियन जुलै २०१५ मध्ये, आफ्रिकेचा किनारा त्यानंतर. दुसरी जे सापडले नाही त्याची. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर एकही तुकडा आला नव्हता. विमान कमानीच्या फार दक्षिणेकडील टोकाला पडले असते, तर तिकडच्या पूर्ववाही प्रवाहांनी काही अवशेष ऑस्ट्रेलियाकडे नेले असते. रिकाम्या किनाऱ्याने शोधाचे क्षेत्र उत्तरेकडे सरकवले. न्यायालयात मौनाला सहसा पुरावा मानीत नाहीत. समुद्राच्या न्यायालयात त्यालाही किंमत आहे.

एक शंका मात्र राहिली होती. पंखाचा तो भाग पाण्यावर कसा तरंगतो हे कोणी पाहिले होते? आधी लाकडाच्या व इतर द्रव्यांच्या प्रतिकृती करून पाहिल्या. मग २०१७ साली त्याच जातीच्या विमानाचा खरा भाग मिळवून, रियुनियनला सापडलेल्या तुकड्याच्या मापाने कापून, तो टास्मानियाजवळच्या समुद्रात सोडण्यात आला. तो प्रतिकृतींहून वेगाने गेला आणि वाऱ्याच्या डावीकडे सुमारे वीस अंश कलून गेला. येथे डावीकडे कलण्यास पृथ्वीच्या परिवलनाबरोबर त्या तुकड्याचा स्वतःचा आडवातिडवा आकारही कारण होता. नान्सेन यांच्या बर्फाने जो धडा शिकविला होता तोच विमानाच्या पंखाने नव्या रूपात शिकविला: तरंगणारी वस्तू वाऱ्याची गुलाम नसते, आणि तिची चाल ठरविण्यापूर्वी तिला पाण्यात घालून पाहावे लागते. या प्रयोगानंतर रियुनियनच्या तुकड्याची तारीख गणिताशी अधिक चांगली जुळली. संशोधकांनी सुमारे ३५ अंश दक्षिण अक्षांशाच्या परिसराकडे बोट दाखविले.

त्या तुकड्यावर आणखी एक साक्षीदार बसून आला होता. होड्यांच्या बुडाला चिकटतात तसे बार्नेकल नावाचे कवचधारी जीव त्याच्यावर वाढले होते. कवचाचे थर जमत असताना भोवतालच्या पाण्याच्या तापमानाची खूण त्यांत उमटते. २०२३ साली अमेरिकेतील दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी ही खूण वाचण्याची रीत प्रसिद्ध केली. तापमानांचा क्रम कळला तर तुकडा कोणत्या पाण्यांतून आला हे प्रवाहांच्या गणिताशी ताडून पाहता येते.

इतके करून हाती काय आले? १,२०,००० चौरस किलोमीटर समुद्रतळ तपासून पहिला शोध जानेवारी २०१७ मध्ये थांबविण्यात आला. प्रवाहांनी सुचविलेला नवा भाग २०१८ साली एका खाजगी कंपनीने शोधला; विमान मिळाले नाही. त्याच वर्षी जुलैत निघालेल्या मलेशियाच्या अहवालात कारण निश्चित करता येत नाही असे नमूद झाले. २०२५ साली मलेशिया सरकारने त्याच कंपनीशी पुन्हा करार केला, १५,००० चौरस किलोमीटरांच्या नव्या क्षेत्रासाठी, आणि विमान सापडले तरच मोबदला या अटीवर. यावरून प्रवाहांचे शास्त्र हरले असे कोणी म्हणेल. परंतु रियुनियनचा तुकडा मिळेपर्यंत विमान समुद्रात पडले हेसुद्धा केवळ आकडेमोडीवर अवलंबून होते. अनेक कुटुंबांना विमान कोठेतरी उतरले असेल अशी आशा होती. त्या तुकड्याने ती आशा हिरावून घेतली, पण तिच्या जागी एक सत्य ठेवले. हजारो किलोमीटरांची कमान काही अंशांपर्यंत आखडली ती या तुकड्यांमुळे. निश्चित बिंदू देता आला नाही, हे शास्त्रज्ञांनी आपल्या प्रत्येक अहवालात स्वच्छ लिहिले. वाट पाहणाऱ्यांस खोटा बिंदू देण्यापेक्षा खरा ढग देणे अधिक कठीण असते.

भारतातही अशी दुःखे घडली आहेत. ८ जून २०१५ रोजी तटरक्षक दलाचे डॉर्नियर विमान तीन जणांसह तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ नाहीसे झाले. महिनाभराने ते खोल पाण्यात सापडले. २२ जुलै २०१६ रोजी चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेले हवाई दलाचे ए-एन ३२ विमान २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर बेपत्ता झाले. महिनोन्‌महिन्यांच्या शोधातही त्याचा मागमूस लागला नाही. जानेवारी २०२४ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या पाणबुड्या यंत्राने सुमारे ३,४०० मीटर खोलीवर, किनाऱ्यापासून ३१० किलोमीटरांच्या आसपास, अवशेषांची चित्रे टिपल्याचे जाहीर झाले. साडेसात वर्षे २९ घरांना कोणत्या पाण्याकडे पाहून डोळे मिटावेत हे ठाऊक नव्हते.

असे पुन्हा घडल्यास पहिल्या तासांतच शोधाची दिशा ठरावी यासाठी २०१६ पासून भारतात एक व्यवस्था चालते. तिचे नाव ‘सारत’. ती चालविणारी भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था समुद्रकाठी नाही. ती आहे हैदराबादेत, आदिलाबाद ज्या राज्यात आहे त्याच राज्याच्या राजधानीत. वस्तू कोठे व केव्हा शेवटची दिसली आणि ती कोणत्या प्रकारची आहे एवढे कळविले की, त्या दिवसाचा वारा व प्रवाह घेऊन संगणक सर्वाधिक संभवाचे क्षेत्र नकाशावर दाखवितो. पोहणारा माणूस, उलटलेली होडी, तराफा यांची चाल वेगवेगळी धरली जाते. इंजिन बंद पडून वाहत गेलेल्या मच्छीमारांसाठी तिचा उपयोग मोठा आहे. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे मालवाहू जहाज बुडाले, तेव्हाही या संस्थेने मालपेट्या कोठे वाहत जातील याचे अनुमान प्रसिद्ध केले. पेट्या कोल्लम व आलप्पुळा या दक्षिणेकडील किनाऱ्यांवर येऊन लागल्या. पावसाळ्याच्या आरंभी पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, हे वर आलेच आहे.

आदिलाबादपासून जवळात जवळचा समुद्रही चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. जिल्ह्यातील कित्येकांनी तो कधी पाहिलेला नसेल. तरीही त्यांची नदी त्याच समुद्रास मिळते, आणि तेथील तरुण आज विमानाने देशोदेशी जातात. समुद्रावरून जाणारे विमान ही आता केवळ किनाऱ्यावरच्या माणसांची चिंता राहिलेली नाही.

रेनेल यांच्या रोजनिशांपासून हैदराबादच्या संगणकापर्यंत या शास्त्राची वाढ एकाच सवयीने झाली: पाण्याने जे जे वाहून आणले त्याची तारीख, जागा व वर्णन कोणीतरी नीट लिहून ठेवले. ग्रीनलंडच्या बर्फावरची विजार टाकून दिली गेली असती, तर ‘फ्राम’ निघालेच नसते. रियुनियनच्या कामगारांनी तो पत्रा कचऱ्यात टाकला असता, तर २३९ माणसांच्या आप्तांना समुद्राकडून पहिले उत्तर मिळण्यास आणखी किती काळ लागला असता कोण जाणे. किनाऱ्यावर अनोळखी तुकडा दिसला तर तो जेथे आहे तेथेच राहू द्यावा, त्यावरचे शिंपले खरवडू नयेत, दिवस व ठिकाण टिपून पोलिसांस कळवावे. कोण्या घरी त्याचीच वाट पाहिली जात असेल.